नव्या वर्षाची चाररेघी वही

बालमित्रांनो,

३१ डिसेंबरची रात्र तुमच्या घरी कशी जाते? आमच्या घरी त्या रात्री 'झोपा आता' असं कुणीच म्हणत नाही! आम्ही ख्रिस्ती. रात्री दहा-साडेदहाला स्वेटर, मफलर, कानटोप्या चढवून सारं घर चर्चकडे निघतं. सरत्या वर्षाबद्दल देवाचे आभार मानायचे, चुकलंमाकलं त्याची क्षमा मागायची, दानाच्या थैलीत आपलं दान टाकायचं. बारा वाजता घंटा घणघणली की एकमेकांचे हात हातात घेऊन नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायच्या. आणि घरी आल्यावर आमच्याकडे आणखी एक पद्धत आहे. कोरी वही काढायची आणि नव्या वर्षाचे संकल्प लिहायचे.

मी सहावीत असताना लिहिलेले संकल्प मला अजून आठवतात. चांगले नऊ होते! रोज पहाटे पाचला उठेन. खूप अभ्यास करीन. कधीच रागावणार नाही. सगळं बायबल वाचून काढीन. धाकट्या भावाशी भांडणार नाही... आता सांगा बरं, किती दिवस टिकले असतील? पाच जानेवारीला भावानं माझं नवं पेन मोडलं, मी त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि एका धपाट्यात दोन संकल्प गेले. पहाटेचं उठणं तर तिसऱ्याच दिवशी गेलं होतं. रडत रडत मी वहीचं पान टराटरा फाडलं.

आजी चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "अगं, पान फाडलंस, पण वर्ष कुठं फाडलंस? ते तर अजून तसंच पडलंय पुढं."

मी म्हटलं, "पण देवाला आता राग आला असेल ना?"

आजी हसली. "तू संकल्प पाळलेस म्हणून देव तुझ्यावर प्रेम करतो, असं कुणी सांगितलं तुला? प्रेम तो आधीपासूनच करतो. संकल्प आपण आपल्या वाढीसाठी करायचे, त्याची मर्जी राखायला नाही. पडलीस? ऊठ. क्षमा माग नि चालायला लाग."

मुलांनो, आजीच्या त्या बोलण्यात ख्रिस्ती शिकवणीचं सार होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

बारा वर्षांचा मुलगा

बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या लहानपणाची एक गोष्ट आहे. येशू तेव्हा बारा वर्षांचा होता, म्हणजे साधारण तुमच्याएवढाच! वल्हांडण सणासाठी तो आईवडिलांबरोबर यरुशलेमला गेला. परतीच्या वाटेवर एक दिवसाची मजल झाल्यावर आईवडिलांच्या लक्षात आलं, की पोरगा बरोबर नाही. तो नातेवाइकांत नाही, ओळखीच्यांत नाही! मग काय, पुन्हा यरुशलेम. तीन दिवसांनी तो सापडला मंदिरात. मोठमोठ्या गुरुजनांमध्ये बसून तो त्यांचं ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. नंतर तो आईवडिलांबरोबर नासरेथला परत गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला.

या गोष्टीच्या शेवटी लूक सांगतो, की येशू चार बाजूंनी वाढत गेला. बुद्धीनं वाढला, शरीरानं वाढला, देवाशी त्याचं नातं वाढलं आणि माणसांशीही वाढलं. आम्ही ख्रिस्ती ज्याला प्रभू म्हणतो, तोसुद्धा एका रात्रीत मोठा झाला नाही. त्यालाही हळूहळू वाढावं लागलं. मग तुम्हाआम्हाला एक जानेवारीच्या सकाळी एकदम शहाणं होण्याची घाई कशाला?

म्हणून मी हल्ली नऊ संकल्प करत नाही. चारच करते. इंग्रजीची चाररेघी वही असते ना, तशी माझी नव्या वर्षाची वही. चारही रेघा सांभाळल्या तर अक्षर देखणं येतं. एक सुटली की ते घसरतं!

पहिली रेघ: बुद्धी. 'खूप अभ्यास करीन' हा संकल्प नव्हे. खूप म्हणजे किती, ते कोण मोजणार? त्यापेक्षा 'रोज रात्री जेवणाआधी पाच गणितं सोडवीन' असं लिहा. संकल्प असा हवा, की झोपताना त्याच्यापुढं बरोबरची खूण करता आली पाहिजे. आणि हो, वर्गात न समजलेलं विचारणं हासुद्धा छान संकल्प आहे. येशूनंही मंदिरात प्रश्नच विचारले होते!

दुसरी रेघ: शरीर. रोज अर्धा तास मैदानावर खेळणं, ठरल्या वेळी मोबाइल बाजूला ठेवून झोपणं, ताटातली भाजी न टाकणं. यांतलं एकच निवडा. शरीर ही देवानं दिलेली देणगी आहे, असं आम्ही मानतो. ती जपणं हेही भक्तीचंच काम.

तिसरी रेघ: देव. सगळं बायबल एका दमात वाचायला जाऊ नका, माझ्यासारखी फजिती होईल. मार्कचं शुभवर्तमान चारही शुभवर्तमानांत लहान आहे. त्याचे १६ अध्याय. रोज एक वाचलात तर सोळा दिवसांत एक अख्खं पुस्तक होईल! सोबत पाच मिनिटं प्रार्थना. तुमच्या घरचा धर्म वेगळा असेल, तर तुमच्या घरच्या प्रार्थनेसाठी ही पाच मिनिटं राखून ठेवा.

चौथी रेघ: माणसं. ही रेघ सर्वांत अवघड, बरं का! कशी, ते सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरात सहलीसाठी जमा केलेल्या पैशांतले पन्नास रुपये सापडेनात. माझ्या टेबलापाशी एक मुलगा उभा होता. मी रागाच्या भरात सगळ्या वर्गासमोर त्याचं दप्तर उपडं केलं. त्यात काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी नोट सापडली ती माझ्याच हजेरीपत्रकात! मी वर्गाला म्हटलं, "पैसे सापडले हं," आणि धडा सुरू केला. तो मुलगा काही बोलला नाही. पण एरवी उत्तर द्यायला पहिला वर होणारा त्याचा हात त्या दिवसापासून खालीच राहिला.

त्या ३१ डिसेंबरला चर्चमध्ये दानाची थैली माझ्यापुढं आली आणि मला येशूची शिकवण आठवली. वेदीपाशी दान घेऊन आलास आणि कुणाचं मन तुझ्यामुळं दुखावलंय हे आठवलं, तर दान तिथंच ठेवून आधी जाऊन समेट कर, अशा अर्थाची. घरी येऊन मी चौथ्या रेघेवर लिहिलं, 'दोन जानेवारीला त्याची माफी मागणार. सगळ्या वर्गासमोर, कारण दप्तर सगळ्यांसमोर उपडं केलं होतं.'

मागितली का? छे! दोन तारखेला धीर झाला नाही. तीन तारखेला म्हटलं, आज फार काम आहे. रोज वहीत फुलीच. एकदा वाटलं, फाडून टाकावं पान. तेव्हा आजीचा आवाज कानात घुमला. नऊ तारखेला मी वर्गात उभी राहिले आणि म्हणाले, "मुलांनो, माझं चुकलं होतं." त्याचं नाव घेऊन मी त्याची माफी मागितली. माझा आवाज कापत होता. वर्ग चिडीचूप. त्यानं नुसती मान हलवली. त्याचा हात पुन्हा वर यायला आणखी दोन आठवडे लागले. पण आला!

थेंबे थेंबे तळे साचे

रोजच्या थोड्याथोड्या कामानं काय होतं, ते पाहायचं असेल तर पंडिता रमाबाईंकडे पाहा. रमाबाई १८५८ मध्ये जन्मल्या. संस्कृतच्या त्या मोठ्या विदुषी. पुढं त्या ख्रिस्ती झाल्या आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावला 'मुक्ती' ही निराधार स्त्रियांची संस्था त्यांनी उभारली. साध्या, कमी शिकलेल्या बायकांनाही कळेल अशा सोप्या मराठीत बायबल असावं, असा ध्यास त्यांनी घेतला. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. संस्थेचा सारा व्याप सांभाळून वर्षानुवर्षे हे काम त्यांनी नेटानं चालवलं, आणि १९२२ मध्ये निधनापूर्वी ते पुरं केलं. हे काय एका एक जानेवारीला झालं? नाही. आजचं पान आज, उद्याचं उद्या!

आईबाबांनो, दोन शब्द तुमच्याशी

मुलाचा संकल्प मोडला तर 'देव शिक्षा करील' असं कृपा करून म्हणू नका. शेजारच्या मुलाची वहीही दाखवू नका. 'उद्या पुन्हा करू' एवढंच म्हणा. आणि जमलं तर एक चाररेघी वही स्वतःसाठीही आणा. चौथ्या रेघेवर कदाचित तुमच्या मुलाचंच नाव लिहावं लागेल. मोठ्या माणसानं माफी मागितलेली पाहिली, की मुलं ती मागायला शिकतात.

तर मुलांनो, उद्याच वही आणा. चार रेघा, चारच संकल्प. जमलं तिथं बरोबरची खूण, चुकलं तिथं फुली. फुल्या खोडू नका, लपवू नका. रात्री देवापुढं वही उघडा, 'माझं चुकलं' म्हणा आणि शांत झोपा. सकाळी पुढची ओळ कोरी असते.

पान मात्र फाडायचं नाही हं!

तुमची,
बाई