‘ॲजिटेट’चे मराठीत काय झाले?

विहाराच्या भिंतीवर, जयंतीच्या कमानीवर, एवढेच काय ऑटोच्या पाठीवरही तीन शब्द आपण रोज वाचतो. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत इंग्रजीतून हा उपदेश केला, तेव्हा क्रम वेगळा होता : एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइज. ‘ॲजिटेट’ मधोमध होते. मराठीत येता येता ते शेवटी गेले आणि त्याचा ‘संघर्ष’ झाला. भाषांतराची किरकोळ बाब म्हणून कोणी हे सोडून देईल. मी सोडणार नाही.

हे तीन शब्द इंग्लंडमधील समाजवादी १८८० च्या दशकात वापरत होते. बाबासाहेबांनी ते आपल्या माणसांसाठी घेतले, आणि बाबासाहेब शब्द तोलून मापून घेणारे होते. मग हे क्रियापद सांगते तरी काय? त्याचे मूळ लॅटिन, आणि अर्थ पुन्हा पुन्हा हलवणे. कपडे धुण्याच्या यंत्रात मधोमध उभा राहून कपडे ढवळणारा जो भाग असतो, त्याला ॲजिटेटर म्हणतात. रुग्ण बेचैन होऊन हातपाय झाडू लागला की डॉक्टर केसपेपरवर ‘ॲजिटेटेड’ लिहितो. पोलिसांच्या लेखी मात्र ॲजिटेटर म्हणजे चिथावणीखोर! आपल्या बोलीत पाहिले तर ढवळणे, घुसळणे, चेतवणे, बेचैन करणे ही सगळी या शब्दाची भावंडे आहेत. ‘आंदोलन’ हा शब्दही मुळात हेलकाव्याचाच. संघर्षाला समोर कोणीतरी लागतो. ॲजिटेट व्हायला समोर कोणी नसले तरी चालते. शिकलेल्या माणसाचे मन आधी आतून ढवळले पाहिजे, मग तो दुसऱ्याचा हात धरील. न ढवळलेल्या माणसांची संघटना म्हणजे पावतीपुस्तक आणि बॅनरवरचे फोटो. अशा संघटना आपल्या हिंगोलीत काय आणि मुंबईत काय, कमी नाहीत.

या क्रियापदाचा आणखी एक वापर आहे. तो आम्हा वकिलांच्या रोजच्या बोलण्यात असतो. निकालपत्रात वाक्य येते की, हा मुद्दा खालच्या कोर्टात ‘ॲजिटेट’ केला गेला नाही. म्हणजे उपस्थित करून निर्णयापर्यंत लावून धरला नाही. निव्वळ कायद्याचा प्रश्न असेल तर गोष्ट वेगळी. एरवी खाली न मांडलेला मुद्दा वर ऐकून घेतलाच जाईल याची खात्री नसते. ‘लावून धरणे’ हाच मला या शब्दाचा सर्वांत जवळचा मराठी अर्थ वाटतो.

महाड आठवा. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याले गेले, हे आपल्या लेकराबाळांनाही पाठ आहे. पण त्याच वर्षी डिसेंबरात सवर्णांनी दिवाणी दावा लावून मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेबांनी तो मानला, सत्याग्रह पुढे ढकलला आणि मुद्दा कोर्टात लढवला. तळे नगरपालिकेचे, मग आम्हाला बंदी घालणारी पुरातन रूढी कुठे आहे? दाखवा पुरावा! पुरावा टिकला नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. पाणी एका दिवसात प्यालो. मुद्दा लावून धरायला जवळजवळ दहा वर्षे लागली. आपण सोहळा पहिल्या तारखेचा करतो, दुसरी किती जणांना ठाऊक आहे?

आजचे बघा. सेनगावात किंवा औंढ्यात अत्याचार झाला की दुसऱ्या दिवशी निवेदन, तिसऱ्या दिवशी मोर्चा. ते झालेच पाहिजे. पण फिर्यादीत काय लिहिले आहे, हे मोर्चातला कोणी वाचतो का? जातीवरून शिवीगाळ नेमकी कुठे झाली, लोकांच्या दृष्टीस पडेल अशा जागी झाली का, तिथे कोण कोण हजर होते, कोणते शब्द वापरले, हे पहिल्या जबाबातच यावे लागते. २०२० साली हितेश वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, घराच्या चार भिंतींत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला अपमान त्या कलमात बसत नाही. या निकालावर माझा राग आहेच, पण रागाने खटला उभा राहत नाही. नंतर साक्षीत जे वाढेल त्याला आरोपीचा वकील ‘सुधारणा’ म्हणतो आणि उलटतपासणीत फाडून काढतो.

अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून कलम १५-अ लागू आहे. आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीसह प्रत्येक कार्यवाहीची वेळीच सूचना मिळण्याचा हक्क पीडिताला आहे. जामीन, दोषमुक्ती, शिक्षा यांवेळी बोलण्याचाही हक्क आहे. २०२१ साली हरिराम भांभी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही सूचना देणे बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. तरीही जामिनाच्या तारखेला कित्येकदा फिर्यादी येत नाही. सोयाबीनची काढणी असते, रोज बुडतो, एसटीला पैसे नसतात. मोर्चाला दोन जीप भरून माणसे येतात, पण तारखेला त्या बाईसोबत कोणी नसते. पुढच्या मोर्चाची वर्गणी गोळा कराल तेव्हा तिच्या तारखांचा प्रवासखर्च त्यातूनच बाजूला काढून ठेवा.