सांधा, लांबी आणि सबुरी

बिनतारी संदेशावर धावणारी छोटी मोटार पाहिली की मुलांचे डोळे तिच्या चाकांवर खिळतात. परंतु तिचे रूप असते ते वरच्या कवचात. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७६ साली ‘पोर्शे ९३४’ ही अशी मोटार मूळ गाडीच्या बाराव्या हिश्श्याइतक्या आकारात विक्रीस आणली, आणि पुढे घरोघरी हा छंद रुजला.

पॉलिस्टायरीनचे कवच जोडणारा द्राव म्हणजे सरस नव्हे. तो दोन्ही कडा विरघळवितो; त्या एकमेकींत मिसळतात आणि द्राव उडून गेला की एकजीव होतात. म्हणून कडा आधी नीट जुळवाव्यात व द्राव बेतानेच लावावा. गाडीला धक्के बसणारच. तेव्हा सांध्यास आतून प्लास्टिकच्या पट्टीचा आधार द्यावा. पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या कवचास मात्र हा द्राव उपयोगी पडत नाही.

उरलेल्या फटीत लांबी भरावी, पण जाड थर देऊ नये. वरचा पापुद्रा आधी सुकतो, आतील ओल मागाहून उडते, आणि आकसलेल्या लांबीचा खळगा रंगाखाली दिसू लागतो. पातळ थर द्यावा व रात्रभर थांबावे. मग ४०० आणि नंतर ६०० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यास गुंडाळून पाण्याने घासावे. त्यामुळे धूळ उडत नाही व प्लास्टिक तापत नाही. द्रावाची वाफ बाधते. खिडकी उघडी असावी.

शेवटी राखी अस्तराचा हात द्यावा. राहिलेला दोष तेथे दिसतोच. रंग दोष झाकीत नाही, उलट उघडा पाडतो. हे वडिलांशेजारी बसून मुलाला उमगले, तर मोटार धावण्यापूर्वीच श्रमाचे चीज झाले.