यंत्रमानवाचें पहिलें पुस्तक
१९६२ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत म्हणजे ठाण्याची वागळे इस्टेट. यंत्रांच्या ह्या शेजारांत वाढणाऱ्या मुलास छोटा यंत्रमानव करावासा वाटला, तर नवल नाहीं. परंतु वडील कौतुकानें गणितानें भरलेला जाडजूड ग्रंथ आणतात आणि मुलाची हौस कपाटांत जाते.

आरंभीं मासिमो बांझी यांचें ‘आर्डुइनो’वरील छोटेखानी पुस्तक द्यावें, त्यांत प्रथम दिवा लुकलुकवावयाचा असतो. चार्ल्स प्लॅट तर मुद्दाम दिवा जाळून शिकवितात! त्यानंतर गॉर्डन मॅकोम्ब यांचा १९८७ चा ग्रंथ. मात्र जुन्या आवृत्तींतील कित्येक सुटे भाग आज मिळत नाहींत, सबब नवी आवृत्तीच घ्यावी.

पान उलटण्यापूर्वीं हातीं पक्कड घ्यावयास लावील, तेंच पुस्तक खरा गुरु.