लिनक्सचा डेस्कटॉप आधी घालून बघा!

गुलमंडीत कपडे घ्यायला गेलो की आपण आधी घालून बघतो, मगच पैसे देतो. लिनक्सच्या डेस्कटॉपचंही तसंच करायचं. कारण लॅपटॉप एकच, आणि कॉलेजचा प्रोजेक्टही त्यातच!

लिनक्समध्ये समोर दिसणारा डेस्कटॉप हा कपड्यासारखा. आतली सिस्टीम तीच, वरचा डेस्कटॉप बदलता येतो. केडीई १९९६ मध्ये सुरू झालं, ग्नोम १९९७ मध्ये. जुन्या मशीनला हलकं एक्सएफसीई बरं.

ट्रायल रूम म्हणजे पेनड्राइव्ह. केडीईसाठी कुबुंटू, एक्सएफसीईसाठी झुबुंटू उतरवून घ्या. पेनड्राइव्ह रिकामा घ्या, त्यातलं सगळं पुसलं जातं. त्यावरून लॅपटॉप सुरू करून 'ट्राय' निवडा. 'इन्स्टॉल' दाबलं नाही, तर हार्ड डिस्क आहे तशीच राहते.

आवडलं? मग आधी बॅकअप, नंतर आहे त्या सिस्टीमवर नवा डेस्कटॉप टाका. पण वापरून बघायला नवीन यूजर बनवा. सेटिंग्ज प्रत्येक यूजरच्या होम फोल्डरमध्ये लपलेल्या असतात. एकाच यूजरवर दोन डेस्कटॉप वापरले की थीम, आयकॉन यांची खिचडी होऊ शकते. कोणता डेस्कटॉप हवा, ते लॉगिन करतानाच निवडता येतं.

नको झाला तर काढताना घाई नको. काय काय निघणार याची यादी समोर येते, ती वाचा. त्यात जुन्या डेस्कटॉपचं नाव दिसलं, तर तिथेच थांबा.

चला, भेटू पुढच्या भागात!