फेरफार केलेले स्मार्टफोन व संदेशसेवा

स्मार्टफोनमधील उत्पादकाने बसविलेली प्रचालन प्रणाली (फोनच्या सर्व कार्यांचे नियंत्रण करणारा मूलभूत आज्ञावलींचा संच) काढून तिच्या जागी दुसरी बसविली, अथवा मूळ प्रणालीतील संरक्षक मर्यादा दूर केल्या, तर त्या फोनला फेरफार केलेला फोन म्हणतात. अशा फोनांना काही संदेशसेवा पूर्णतः वा अंशतः नाकारण्यात येतात. अँड्रॉइड फोनांवरील रिच कम्युनिकेशन सर्व्हिसेस, संक्षेपाने आरसीएस, ही सेवा याचे ठळक उदाहरण होय.

फेरफाराचे प्रकार : फोन सुरू होताना प्रचालन प्रणाली स्मृतीत आणणाऱ्या प्रारंभिक आज्ञावलीस बूटलोडर म्हणतात. तो सामान्यतः कुलूपबंद असतो व केवळ उत्पादकाची अंकीय स्वाक्षरी असलेली प्रणालीच स्वीकारतो. हे कुलूप उघडताना फोनमधील वैयक्तिक माहिती पुसली जाते, म्हणजे फोन चोरणाऱ्यास ती मिळू शकत नाही. कुलूप उघडल्यावर वापरणाऱ्यास सर्वोच्च अधिकार मिळविता येतात. यास ‘रूट करणे’ म्हणतात. २०१६ पासून उपलब्ध असलेली मॅजिस्क ही आज्ञावली त्यासाठी प्रसिद्ध आहे. लिनिएजओएससारखी पर्यायी प्रणालीही बसविता येते. उत्पादकाने अद्ययावतीकरण थांबविलेला जुना फोन अशा प्रणालीमुळे आणखी काही वर्षे उपयोगी पडतो. फोनमध्ये असा बदल करणे हा स्वतः अपराध मानला जातोच असे नाही. अमेरिकेत २०१० मध्ये प्रताधिकारविषयक कायद्यातून त्यास सूट देण्यात आली. तथापि, फोन बदलण्याची मुभा असली, तरी त्यावर सेवा पुरविण्याचे बंधन सेवादात्यावर येत नाही.

आरसीएस सेवा : १९९२ मध्ये सुरू झालेल्या लघुसंदेशात (एसएमएसमध्ये) रोमन लिपीतील १६० अक्षरचिन्हे मावतात, देवनागरीत ही मर्यादा केवळ ७० आहे. आरसीएसमध्ये ही अडचण नाही. शिवाय छायाचित्रे, समूहसंवाद व संदेश वाचल्याची पोच यांची तीत सोय आहे. या सेवेची सर्वसामान्य मानके जीएसएमए या दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. गूगलने आपल्या मेसेजेस या अनुप्रयोगाद्वारे (ॲपद्वारे) २०१९ पासून तिचा प्रसार केला व २०२१ मध्ये दोन व्यक्तींमधील संदेशांना टोकापासून टोकापर्यंत कूटबद्धीकरणाचे संरक्षण दिले. सेवेबरोबर तिचा दुरुपयोगही वाढला. भारतात व्यापारी जाहिरातींचे अनाहूत संदेश इतके येऊ लागले की, २०२२ मध्ये गूगलला येथील जाहिरात-संदेश थांबवावे लागले.

तपासणीची पद्धती : फोन मूळ स्थितीत आहे की नाही, हे अनुप्रयोगास दूरस्थ साक्षांकनाने कळते. फोनच्या प्रक्रियकातील एका सुरक्षित कक्षात उत्पादनाच्या वेळीच गुप्त किल्ली ठेवलेली असते. बूटलोडर कुलूपबंद आहे काय व कोणती प्रणाली सुरू झाली, हे सांगणारे प्रमाणपत्र या किल्लीच्या स्वाक्षरीने तयार होते. गूगलच्या प्ले इंटिग्रिटी या व्यवस्थेत अशा खुणांवरून मूलभूत, उपकरणनिष्ठ व बलवान असे तीन स्तरांचे निर्णय दिले जातात. मूळ स्थितीचे सोंग आणणाऱ्या क्लृप्त्या निघाल्या, तसेच बाहेर फुटलेल्या किल्ल्याही वापरल्या गेल्या. उघडकीस आलेल्या किल्ल्या गूगल रद्द करते. अँड्रॉइडच्या १३ व्या व त्यापुढील आवृत्त्यांसाठी २०२५ पासून ही तपासणी प्रामुख्याने यंत्रांशावरील पुराव्यावर आधारलेली आहे.

२०२४ मधील निर्बंध : रूट केलेल्या व पर्यायी प्रणालीच्या फोनांवरून आरसीएस संदेश जात नाहीत, अशा तक्रारी २०२४ च्या प्रारंभी पुढे आल्या. सेवा जोडलेली असल्याचे फोनवर दिसे. संदेश मात्र पोहोचत नसत आणि त्याचे कारणही कळविले जात नसे. अनाहूत संदेश व दुरुपयोग रोखण्यासाठी उपकरणे मानकांनुसार वागतात याची खात्री केली जात असल्याचे गूगलने स्पष्ट केले. आरसीएस बंद केल्यास अशा फोनवरून साधे लघुसंदेश पूर्ववत पाठविता येतात; परंतु त्यांना कूटबद्धीकरणाचे संरक्षण नसते.

इतर सेवा : व्हॉट्सॲपचा रोख मुख्यत्वे फोनपेक्षा अनुप्रयोगाच्या अनधिकृत आवृत्त्यांवर असतो. व्हॉट्सॲप प्लस वापरणाऱ्यांची खाती जानेवारी २०१५ मध्ये २४ तासांसाठी बंद करण्यात आली होती. जीबी व्हॉट्सॲपसारख्या आवृत्त्यांनाही हेच धोरण लागू आहे. उलट, सिग्नल ही सेवा पर्यायी प्रणालीच्या फोनांवरही चालते.

मूल्यमापन : निर्बंधांमागील कारण निराधार नाही. सर्वोच्च अधिकार मिळालेली घातक आज्ञावली उलगडलेले संदेश वाचू शकते, तसेच बदललेल्या फोनांवरून स्वयंचलित रीत्या हजारो संदेश पाठविणे सोपे होते. तथापि, या तपासणीतून फोन सुरक्षित आहे हे सिद्ध होत नाही. तो मान्यताप्राप्त स्थितीत आहे एवढेच सिद्ध होते. अनेक वर्षे सुरक्षा-दुरुस्ती न झालेला मूळ फोन उपकरणनिष्ठ स्तरावर उत्तीर्ण होऊ शकतो. याउलट ग्राफीनओएस ही प्रणाली नियमित अद्ययावत केली जाते आणि ती बसविल्यावर बूटलोडरला पुन्हा कुलूप लावता येते. तरी ती या स्तरावर उत्तीर्ण होत नाही. स्वतंत्र साक्षांकनाने अशा प्रणालीची ओळख पटविणे तांत्रिक दृष्ट्या शक्य आहे. म्हणून कोणाला मान्यता द्यावी हा प्रश्न बव्हंशी धोरणाचा ठरतो. नकार स्पष्टपणे कळविणे तर त्याहूनही सोपे आहे. नकार कळला, तर माणूस दुसरा मार्ग शोधतो. तो न कळल्यास निकडीचा निरोप वाटेतच राहतो आणि पाठविणारा मात्र उत्तराची वाट पाहत बसतो.