छोट्या यंत्रमानवासाठी विद्युतस्रोताची निवड

यंत्रमानव म्हटले की त्याची चाके, त्याचे हात आणि वाट ओळखणारे त्याचे संवेदक डोळ्यांपुढे येतात. या सर्वांना चालविणाऱ्या विजेचा विचार मात्र बहुधा सर्वांत शेवटी होतो. हौशी कारागीर जुळणी पुरी करतो. टेबलावर चाके अधांतरी असताना यंत्र उत्तम चालते. जमिनीवर ठेवताच ते एक हिसका देते, थांबते आणि त्याचा नियंत्रक पुन्हा पहिल्यापासून काम सुरू करतो. मग नियंत्रकाला दिलेल्या आज्ञावलीत दोष शोधण्यात दिवसचे दिवस जातात. पुष्कळदा दोष आज्ञावलीत नसतो, तो बॅटरीच्या निवडीत असतो.

दाब, धारा, क्षमता आणि रोध

बॅटरीच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत छापलेला असतो तो तिचा विद्युतदाब, म्हणजे व्होल्ट. परंतु केवळ दाबावरून बॅटरीची पारख होत नाही. घराच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीशी तिची तुलना करता येईल. टाकीची उंची म्हणजे दाब, नळातून वाहणारे पाणी म्हणजे विद्युतधारा आणि टाकीत मावणारे पाणी म्हणजे बॅटरीची क्षमता. धारा अँपिअरमध्ये मोजतात, क्षमता अँपिअर-तासांत. चौथी गोष्ट वेष्टनावर सहसा आढळत नाही. टाकीतून निघणारा नळच अरुंद असेल, तर टाकी कितीही उंचावर असली तरी पाणी एकदम जोराने मिळणार नाही. बॅटरीतील या अरुंदपणाला अंतर्गत रोध म्हणतात. मागणी जितकी मोठी, तितका दाबाचा अधिक भाग या रोधातच खर्ची पडतो.

नऊ व्होल्टची लहान चौकोनी बॅटरी नवशिक्याला फार आकर्षक वाटते. तिचा अंतर्गत रोध दीड ओहम आहे असे समजू. यंत्रमानवाच्या दोन मोटरी सपाट जमिनीवर चालताना प्रत्येकी ०.२ अँपिअर धारा घेत असतील, तर बॅटरीच्या आत ०.६ व्होल्ट दाब गळतो आणि ८.४ व्होल्ट बाहेर मिळतात. यात काही बिघडत नाही. परंतु स्थिर मोटर सुरू होण्याच्या क्षणी किंवा चाक अडकल्यावर तीच मोटर पाचपट धारा मागू शकते. दोन मोटरींचे मिळून २ अँपिअर झाले की आत ३ व्होल्ट गळतात आणि बाहेर ६ व्होल्टच उरतात. नियंत्रकाला स्थिर ५ व्होल्ट लागतात. ते पुरविणाऱ्या साध्या दाबनियामकाला स्वतःच्या कार्यासाठी सुमारे २ व्होल्ट अधिक, म्हणजे एकूण ७ व्होल्ट हवे असतात. साहजिकच नियंत्रक त्या क्षणी बंद पडतो. यावरून पहिला नियम निघतो: बॅटरीची निवड सरासरी मागणीवरून न करता सर्वांत कठीण क्षणाच्या मागणीवरून करावी.

एक प्रत्यक्ष उदाहरण

मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ‘ई-यंत्र’ या प्रकल्पाद्वारे देशभरातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना यंत्रमानवशास्त्राचे शिक्षण दिले गेले. त्यासाठी वापरलेला ‘फायर बर्ड ५’ हा यंत्रमानव सुमारे १६ सेंटिमीटर व्यासाचा आहे. त्याला निकेल-मेटल हायड्राइड जातीच्या बॅटरीने वीज मिळते. या जातीच्या एका घटाचा दाब १.२ व्होल्ट असतो. असे आठ घट एकापुढे एक जोडले की ९.६ व्होल्ट होतात. बॅटरीची क्षमता २.१ अँपिअर-तास आहे. दाब आणि क्षमता यांचा गुणाकार केला असता सुमारे २० वॅट-तास ही साठविलेली ऊर्जा मिळते. मोटरी तीनचतुर्थांश वेळ चालू राहिल्यास ही बॅटरी दोन तास पुरते, असे या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत म्हटले आहे. म्हणजे यंत्राची सरासरी मागणी सुमारे १ अँपिअर आहे.

आठ घट घेण्याचा लाभ वरील हिशेबाशी ताडून पाहता येतो. चांगल्या स्थितीतील अशा घटाचा अंतर्गत रोध ओहमच्या काही शतांशांइतकाच असतो. तो ०.०३ ओहम धरला, तर आठ घटांचा मिळून पाव ओहमसुद्धा होत नाही. २ अँपिअर धारा घेतली तरी अर्ध्या व्होल्टहून कमी दाब गळतो आणि ९ व्होल्टहून अधिक दाब शिल्लक राहतो. सहा घट घेतले असते, तर दाब ७ व्होल्टच्या खाली गेला असता. शिवाय हा यंत्रमानव आपल्या बॅटरीचा दाब स्वतःच मोजू शकतो, त्यामुळे ती रिकामी होत आल्याचे वेळीच कळते.

साठा आणि अखंड पुरवठा

चांगली बॅटरी घेतल्यावरही मोटरीच्या हिसक्यांनी दाब क्षणभर डळमळतो. त्यावरील उपाय एका निराळ्याच क्षेत्रातील उदाहरणाने स्पष्ट होईल. वाराणसीत गंगेच्या काठी बालाजी घाट आहे. तेथील बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) यांनी वर्षानुवर्षे शहनाईचा रियाज केला. शहनाई फुंकीवर वाजते आणि वादकाला श्वास तर मधूनमधून घ्यावाच लागतो. तरीही सूर तुटू नये म्हणून अशी वाद्ये वाजविणारे कलावंत गालांत थोडी हवा धरून ठेवतात. नाकाने श्वास आत घेण्याच्या क्षणी तीच हवा ते गालांनी दाबून वाद्यात सोडतात. ऐकणाऱ्याला खंड जाणवत नाही.

विद्युतमंडलात हे गालांचे काम धारित्र करते. नियंत्रकाच्या अगदी जवळ, सुमारे १००० मायक्रोफॅरडचे धारित्र जोडले म्हणजे दाब घसरण्याच्या क्षणी ते आपल्याजवळील विद्युतभार पुरविते. मात्र त्याची मर्यादा ओळखावी. गालांतील हवेवर पूर्ण राग आळविता येत नाही, तसे धारित्रही सेकंदाच्या काही सहस्रांशांपुरतेच साहाय्य करते. कमकुवत बॅटरीला ते पर्याय ठरत नाही. मोटरी मोठ्या असतील, तर नियंत्रकासाठी दुसरी लहान बॅटरी ठेवणे हा अधिक भरवशाचा मार्ग होय. त्या वेळी दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोके एकमेकांस जोडण्यास विसरू नये, अन्यथा नियंत्रकाचे संकेत मोटरीच्या मंडलास समजणार नाहीत.

घटांच्या जाती

१८५९ मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने तयार केलेला शिसे-आम्ल घट स्वस्त व दणकट आहे, पण अतिशय जड. एक किलोग्रॅम वजनात तो ३० ते ४० वॅट-तास ऊर्जा साठवितो. निकेल-मेटल हायड्राइड घट ६० ते १०० आणि लिथियम-आयन घट साधारणपणे १५० ते २५० वॅट-तास साठवितो. २० वॅट-तासांसाठी शिसे-आम्ल बॅटरी अर्ध्या किलोहून जड होईल, तर लिथियमची बॅटरी शंभर-सव्वाशे ग्रॅममध्ये बसेल. बॅटरीचे वजन यंत्रमानवाला स्वतःच वाहून न्यावे लागते, म्हणून या फरकाला महत्त्व आहे. एकदाच वापरून टाकण्याचे अल्कलाइन घट प्रथम प्रयोगासाठी ठीक असले, तरी रोजच्या वापरात महाग पडतात.

लिथियम-आयन घट १९९१ मध्ये बाजारात आला. त्याच्या विकासासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तीन शास्त्रज्ञांना देण्यात आले. हलकेपणात त्याची बरोबरी होत नाही, परंतु तो शिस्त मागतो. त्याच्या नेहमीच्या प्रकारात प्रत्येक घटाचा दाब ४.२ व्होल्टपेक्षा वर जाऊ देऊ नये आणि सुमारे ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. दोन टोके थेट जोडली गेली, घटाला भोक पडले किंवा अयोग्य चार्जर वापरला, तर आग लागू शकते. म्हणून संरक्षक मंडल असलेलीच बॅटरी घ्यावी, तिच्या धन टोकाजवळ फ्यूज बसवावा, चार्जिंग चालू असताना ती एकटी सोडू नये आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. शाळकरी मुलांच्या हाती यंत्र जायचे असेल, तर थोडे वजन सोसूनही निकेलची बॅटरी पत्करणे शहाणपणाचे ठरते.

निवडीचा क्रम

प्रथम मोटरीचा दाब पाहावा. नंतर चाक हाताने क्षणभर रोखून धरून मोटर घेत असलेली धारा मोजावी. सर्व मोटरींच्या अशा धारांची बेरीज बॅटरीला सहज देता आली पाहिजे. त्यानंतर सरासरी धारेला अपेक्षित तासांनी गुणावे आणि येणाऱ्या क्षमतेत पाव हिस्सा मिळवावा. १ अँपिअर धारा दीड तास हवी असेल, तर सुमारे २ अँपिअर-तासांची बॅटरी योग्य होय. शेवटी वजन, किंमत आणि सुरक्षितता यांचा विचार करावा. या क्रमाने निवड केली म्हणजे टेबलावर चालणारे यंत्र जमिनीवरही चालेल आणि ते बनविणाऱ्याचे श्रम व पैसे वाया जाणार नाहीत.