एकसारख्या गोळीचे गणित

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरू येथे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले. अंतिम फेरीत त्याचे गुण होते ४५१.४, म्हणजे दर गोळीमागे सरासरी सव्वादहाच्या किंचित वर. त्याआधी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले होते. अशा वेळी आपण नेमबाजाच्या नजरेचे, हाताचे आणि मनाच्या एकाग्रतेचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या बोटांतून रायफलीत जाणाऱ्या काडतुसाबद्दल फारसे कोणी बोलत नाही. आज त्याच्याविषयी सांगायचे आहे.

मी आळंदीला राहतो. नोकरीची वर्षे चाकणच्या कारखानदारीत, गुणवत्ता तपासणीच्या टेबलामागे गेली. त्यामुळे नेमबाजांच्या गप्पा कानावर पडल्या तेव्हा मला त्या ओळखीच्या वाटल्या. शेवटी प्रश्न एकच: हजारावा नग पहिल्या नगासारखा कसा निघेल?

आधी हिशेब पाहू. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ असते अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचे. पॉइंट टू-टू रायफलीची गोळी साधारण सेकंदाला ३२५ मीटर वेगाने सुटते आणि लक्ष्यापर्यंत जायला तिला सेकंदाचा सहावा हिस्सा लागतो. तेवढ्यात गुरुत्वाकर्षण तिला सुमारे साडेबारा सेंटिमीटर खाली ओढते. नेमाची यंत्रणा हे अंतर आधीच धरून बसवलेली असते. पण ती सरासरी वेगासाठी. एखादी गोळी एक टक्का सावकाश निघाली, म्हणजे सेकंदाला जेमतेम तीन मीटर कमी, तर ती सुमारे अडीच मिलिमीटर खाली लागते. दशांश गुणांचे प्रत्येक वर्तुळ ०.८ मिलिमीटरचे. म्हणजे नेमबाजाची काहीही चूक नसताना तीन दशांश गुण गेले! अंतर वाढले की हे दुखणे झपाट्याने वाढते. नऊशे मीटरच्या नेमबाजीत गोळी दीड सेकंदाच्या आसपास हवेत असते. तिथे वेगातला तोच एक टक्का गोळीला वीतभर वरखाली नेतो.

आता काडतुसाच्या आत डोकावू. पितळी नळकांडे, बुडाशी ठिणगी देणारा प्राइमर, मध्ये दारू आणि तोंडाशी गोळी, असे हे चार भाग. पॉइंट टू-टूमध्ये प्राइमरचे मिश्रण नळकांड्याच्या बुडाच्या काठातच भरलेले असते. एकदा काठ ठेचला गेला की ते नळकांडे संपले. म्हणून ही काडतुसे कारखान्यातच बनतात. इथे नेमबाजाच्या हाती उरते ती निवड. इंग्लंडची एली, फिनलंडची लापुआ, जर्मनीची आरडब्ल्यूएस या कंपन्या प्रत्येक लॉटला क्रमांक देतात. एकाच कंपनीचा, एकाच नावाचा माल असूनही दोन लॉट एकाच नळीतून सारखे चालत नाहीत. म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन कंपनीच्या चाचणी केंद्रावर जातात, ती शिकंजात घट्ट धरून वेगवेगळे लॉट झाडून पाहतात आणि जुळेल तो लॉट विकत घेतात.

लांब पल्ल्याच्या रायफलीत प्राइमर बुडाच्या मध्यभागी वेगळा बसवलेला असतो. तो बदलता येतो, नळकांडे पुन्हा वापरता येते. परदेशात अनेक स्पर्धक काडतुसे स्वतः हाताने भरतात ती याच प्रकारची. एकसारखेपणासाठी ते जे करतात ते आपल्या टूलरूममधल्या माणसाला लगेच समजेल. नळकांडी एकाच लॉटची घ्यायची आणि वजनाने वेगळी करायची, कारण आतली पोकळी कमीजास्त झाली की दाब बदलतो. झाडल्यावर ताणलेले पितळ साच्यात मूळ मापाला आणायचे, लांबी छाटून सारखी करायची. वारंवार वापराने मान कडक होते. ती तापवून मऊ करायची, म्हणजे गोळीवरची पकड प्रत्येक वेळी तितकीच राहते. शेवटी गोळी सरळ बसली का, हे डायल गेजवर फिरवून पाहायचे.

दारूचे वजन ग्रेनमध्ये करतात. हे माप आपल्याला वाटते तितके परके नाही. जुना तोळा १८० ग्रेनचा आणि ९६ गुंजांचा. म्हणजे एक ग्रेन अर्ध्या गुंजेहून थोडा जास्त. हाताने भरणारा माणूस ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतो. सराफालाही लाजवेल असे हे काम!

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवता येत नाहीत. शिवाय दारू जास्त पडली तर रायफल हातात फुटू शकते. तेव्हा हे घरी करून पाहण्याचे काम नव्हे. आपल्या भागात हे काम खडकीच्या दारूगोळा कारखान्यात १८६९ पासून चालते. समजून घ्यायचे आहे ते त्यामागचे तत्त्व.

आणि तत्त्वाची खरी गोम मोजणीत आहे. पाच गोळ्या झाडल्या, पाचही एका नाण्याखाली झाकल्या गेल्या, की माणूस खूश होतो. पण पाच नगांवर विश्वास ठेवणे धोक्याचे. कारखान्यात नियंत्रण आलेख काढणाऱ्यांना ठाऊक असते, की पाच नगांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांतला फरक सरासरीने प्रमाण विचलनाच्या २.३३ पट येतो, दहांत ३.०८ पट, तर वीस नगांत ३.७३ पट. माल तोच, पण जास्त मोजले की पसारा मोठा दिसतो. म्हणून पाचांचा गट आणि दहांचा गट यांची तुलनाच होत नाही. पाच गोळ्यांवरून काढलेले प्रमाण विचलन इतके कच्चे असते, की खरे विचलन त्याच्या दुपटीहूनही जास्त निघू शकते. दोन लॉटमधला फरक खरा की नशिबाचा, हे ठरवायला दोन्हींच्या सारख्याच आणि भरपूर गोळ्या, एकाच दिवशी, आलटून पालटून झाडाव्या लागतात.

दुसरे गणित त्याहून महत्त्वाचे. वेगवेगळ्या कारणांनी होणारे फरक सरळ बेरजेने वाढत नाहीत, त्यांच्या वर्गांची बेरीज होते. समजा, नेमबाजाच्या हाताचा फरक ४ आणि काडतुसाचा ३ आहे. एकत्र फरक ७ नव्हे, ५. आता पैसे ओतून काडतूस अगदी निर्दोष केले, तरी उरतात ४. उलट सरावाने हाताचा फरक निम्मा, म्हणजे २ केला, तर तेच जुने काडतूस वापरूनही एकूण फरक ३.६ वर येतो. जागतिक दर्जाच्या नेमबाजाचा हात आधीच इतका स्थिर असतो, की तिथे काडतूसच मोठा वाटेकरी ठरते; त्याने लॉट निवडण्यासाठी परदेशी जाणे हिशेबात बसते. पण नुकतीच रायफल धरलेल्या मुलासाठी आईवडील पोटाला चिमटा काढून परदेशी काडतुसांची महागडी खोकी आणतात, तेव्हा बहुतेक वेळा तो पैसा चुकीच्या जागी जातो. त्याला आधी एकाच लॉटची साधी काडतुसे भरपूर मिळावीत, चांगला प्रशिक्षक मिळावा आणि प्रत्येक गोळीची वहीत नोंद करण्याची सवय लागावी.

कारखान्यातही आम्ही हेच शिकलो. सगळ्यांत मोठा फरक कुठून येतो ते आधी शोधा, तो कमी करा, मग पुढच्याकडे वळा. ज्या पालकांची मुले आज रेंजवर उभी आहेत, त्यांनी पुढचे खोके विकत घेण्याआधी मुलाची नोंदवही एकदा उघडून पाहावी. पैसा कुठे लावायचा, याचे उत्तर बहुधा तिथेच सापडेल.